डाळीच्या पिठाचा लेप, पहिल्यांदाच करणारीसाठी
अगं, सुरुवातीलाच सांगते, लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेव. मी एकदा हौसेनं लिंबू पिळलं होतं, दोन दिवस गाल चुरचुरत होते. दोन चमचे डाळीचं पीठ, मळण्यापुरतं ताजं दही, आणि हळद अगदी चिमटीच्या टोकावर मावेल एवढीच. जास्त पडली तर पिवळं तोंड घेऊन ऑफिसला जाशील! आधी कोपराच्या आतल्या बाजूला लाव, एक दिवस थांब; खाज किंवा लाली आली तर नादच सोड. चेहऱ्यावर दहा मिनिटं पुरेत. कडा फिकट पडून ओढल्यासारखं वाटलं की ओला हात फिरवून लेप सैल कर, मग धू. खरवडू नकोस. उरलेला फ्रीजमध्ये ठेवू नकोस, टाकून दे.