क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेल्या मुलाला कोणते पुस्तक भेट द्यावे?

आपला प्रश्न असा आहे : पुतण्या दहावीत आहे, क्रिकेटचे विक्रम त्याला पाठ आहेत, गेल्या वाढदिवसाला दिलेले प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्याने ‘यातले सगळे मला येते’ असे म्हणून दोन दिवसांत बाजूला ठेवले, तर या वर्षी त्याला काय द्यावे? आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात क्रिकेटची प्रश्नमंजूषा घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि त्या निमित्ताने अशा पुस्तकांचे एक कपाट घरात भरले आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

पहिली गोष्ट, आपल्या पुतण्याची तक्रार रास्त आहे. बाजारात ‘एक हजार प्रश्न’ छापाची जी पुस्तके मिळतात, त्यांतली बरीचशी एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि त्यामुळे जुन्या चुकाही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. मी एका वर्षी अशाच एका नव्या कोऱ्या पुस्तकातून प्रश्न काढला होता : प्रथम श्रेणी क्रिकेटमधील (म्हणजे कसोटीसह वरच्या दर्जाच्या, अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांतील) सर्वांत मोठी भागीदारी कोणाची? पुस्तकातले उत्तर होते विजय हजारे आणि गुल महंमद, ५७७ धावा, बडोदा विरुद्ध होळकर, रणजी करंडकाचा १९४६-४७ चा अंतिम सामना. मी ते मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवले आणि मांडवातल्या शेवटच्या रांगेतून सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘काका, तो विक्रम केव्हाच मोडला.’ त्याचे बरोबर होते. जुलै २००६ मध्ये कोलंबोला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत श्रीलंकेच्या संगक्कारा आणि जयवर्धने यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा जोडल्या होत्या. हजारे-गुल महंमद जोडीचा विक्रम आता फक्त चौथ्या गड्यापुरता उरला आहे. माझे पुस्तक २००६ नंतरच छापलेले होते, पण त्यातला मजकूर त्याआधीचा होता. तेव्हापासून विक्रमांचे कोणतेही पुस्तक घेताना माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे त्यात लिहिले आहे की नाही ते मी आधी पाहतो, आणि लिहिलेले नसेल तर पुस्तक पुन्हा फळीवर ठेवतो.

अशा पुस्तकांविषयी माझा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असते, अशी सवय ती वाचकाला लावतात, आणि क्रिकेटच्या इतिहासात तसे नेहमी नसते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची प्रथम श्रेणीतील शतके काही ग्रंथांत १२६ आणि काहींत १२४ दिलेली आढळतील, कारण त्यांच्या काळात प्रथम श्रेणी कशाला म्हणायचे याची सर्वमान्य व्याख्याच नव्हती आणि कोणते सामने धरायचे यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. इंग्लंडचे फलंदाज जॅक हॉब्ज यांची शतके १९७ की १९९, हा वाद तर थेट आपल्याकडे येऊन पोहोचतो, कारण मधली दोन शतके त्यांनी १९३०-३१ मध्ये विझियानगरमच्या महाराजकुमारांच्या संघाकडून खेळताना केली होती आणि ते सामने हिशेबात घ्यावेत की नाहीत, यावर सारे अडते. आकडे पाठ असलेल्या मुलाला ‘१९७’ हे उत्तर सांगणारे पुस्तक कंटाळवाणे वाटेल. पण हा आकडा दोन तऱ्हांनी का लिहिला जातो, हे सांगणारे पुस्तक तो रात्री जागून वाचेल.

आकड्यांचीच आवड पुरवायची असेल, तर मग थेट ‘विस्डेन’ द्यावे. जॉन विस्डेन या इंग्लिश गोलंदाजाने १८६४ मध्ये एक शिलिंग किमतीला सुरू केलेले हे वार्षिक (पूर्ण नाव ‘विस्डेन क्रिकेटर्स अल्मनॅक’), नाव आणि स्वभाव या दोन्ही अर्थांनी, पंचांग आहे. पहिला अंक जेमतेम ११२ पानांचा होता आणि तेवढी पाने भरण्यापुरतेही क्रिकेट संपादकाजवळ नसावे, कारण त्यात घोड्यांच्या शर्यतींचे विजेते, पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधील यादवीच्या, म्हणजे ‘गुलाबांच्या युद्धा’च्या, लढायांच्या तारखा आणि पहिल्या चार्ल्स राजावरील खटल्याची हकीकतसुद्धा होती. आजचा अंक विटेएवढा जाड असतो; त्यात वर्षभराचे धावफलक, विक्रम, मृत्युलेख आणि सामन्यांत घडलेल्या विचित्र घटनांची स्वतंत्र सूचीही असते. दोन्ही महायुद्धांच्या काळातही त्याचे प्रकाशन थांबले नाही. मृत्युलेख मुद्दाम वाचायला सांगा. ज्यांचे नाव कोणत्याही विक्रमात नाही, अशा माणसांचे आयुष्य दहा ओळींत मांडण्याची ती कला आहे. अडचण एवढीच की नवा अंक महाग असतो. माझ्या मते दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा जुना अंकही तितकाच चालेल. विक्रमांची यादी शिळी झालेली असेल, पण ती तर मुलांना आता मोबाइलवरही मिळते.

तरीही माझी पहिली शिफारस ‘विस्डेन’ची नाही. आपला पुतण्या ज्या टप्प्यावर आहे, तेथे त्याला आकड्यामागे काय होते हे सांगणारे पुस्तक हवे आहे. याचे सर्वांत चांगले उदाहरण पुन्हा हजाऱ्यांचेच देतो.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. समोरचा संघ पहिल्या डावात १३३ धावांत संपला आणि दुसऱ्या डावात त्याने ३८७ धावा केल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी झाली, तिच्यात जोडीदाराचा वाटा २१ धावांचा, आणि तो जोडीदार म्हणजे हजाऱ्यांचे सख्खे भाऊ विवेक. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात यातली एखादी ओळ येईल आणि ती आपल्या पुतण्याला बहुधा पाठही असेल. पण त्याला एवढेच विचारून पाहा, की सांगलीचे हजारे मर्चंटांच्या संघात नसून त्यांच्याविरुद्ध का खेळत होते? त्या समोरच्या संघाचे नाव काय होते?

त्या संघाचे नाव होते ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन हे चार संघ धर्म आणि वंशानुसार ठरलेले होते. त्यांत न बसणाऱ्यांसाठी १९३७ मध्ये हा पाचवा संघ आला, आणि हजारे ख्रिस्ती असल्यामुळे त्यांची जागा तेथे होती. एका धावफलकातून असा एक सबंध काळ डोकावतो. धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्ये विरोध दर्शवला आणि पुढे १९४६ मध्ये ती बंदच झाली.

हा इतिहास सविस्तर सांगणारे पुस्तक म्हणजे रामचंद्र गुहा यांचे ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’, प्रकाशन २००२, आणि माझी पहिली शिफारस तीच आहे. त्याच्या केंद्रस्थानी पळवणकर बाळू आहेत. पुण्यातल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता आणि कॅप्टन ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा दलित मुलगा देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. मैदानावर हिंदू संघाला तो हवा होता आणि चहाच्या वेळी मात्र त्याचा कप वेगळा असे. त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले. गुहांनी या संशोधनासाठी जी साधने वापरली, त्यांत या विठ्ठलांनी मराठीत लिहिलेले आत्मचरित्र, ‘माझे क्रीडा-जीवन’, हेही होते. आपल्याच भाषेतले हे पुस्तक आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले असेल, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो. गुहांच्या पुस्तकाचे इंग्रजी दहावीच्या मुलाला काही ठिकाणी जड जाईल. त्याने बाळूंवरची प्रकरणे आधी वाचावीत आणि बाकीची पुढच्या सुट्टीत, असे सांगायला हरकत नाही.

घरात मराठी वाचनाची सवय असेल, तर द्वारकानाथ संझगिरी यांची कोणतीही दोन पुस्तके डोळे झाकून घ्यावीत. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी करणाऱ्या या माणसाने मैदानावरच्या गोष्टी गप्पांच्या मैफलीसारख्या लिहिल्या. त्यांत उपमांचा थोडा अतिरेक आहे, हे मान्य करूनही पंधरा वर्षांच्या वाचकाला धरून ठेवण्याची त्यांची ताकद मोठी आहे. संदीप पाटील संपादक असलेल्या ‘षटकार’ पाक्षिकाचे जुने अंक रद्दीत कोठे सापडले तर तेही सोडू नयेत.

आत्मचरित्रांपैकी या वयासाठी सुनील गावसकर यांचे ‘सनी डेज’ मला सर्वांत योग्य वाटते. १९७६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेले असल्याने त्यात ना दहा हजार धावा आहेत ना १९८३ चा विश्वचषक, आणि हेच त्याचे बळ आहे, कारण लिहिणाऱ्याला स्वतःच्या थोरवीची अजून सवय झालेली नाही. गावसकरांचा जन्म झाला तेव्हा रुग्णालयात बाळांची अदलाबदल झाली होती. कानापाशी असलेली बारीकशी खूण दुसऱ्या दिवशी दिसली नाही म्हणून त्यांच्या काकांनी शोधाशोध केली आणि बाळ एका कोळिणीजवळ झोपलेले सापडले, ही हकीकत त्यांनी सुरुवातीलाच सांगितली आहे. लॉर्ड्सवरच्या १९७५ च्या विश्वचषक सामन्यात साठ षटकांत नाबाद ३६, चेंडू १७४, हा आकडा आपल्या पुतण्याने हसत हसत सांगितला असेल. तो खेळणारा माणूस कसा होता, हे त्याला या पुस्तकातून कळेल.

सी. एल. आर. जेम्स यांचे ‘बियाँड अ बाउंड्री’ (१९६३) हे क्रिकेटवरचे सर्वश्रेष्ठ पुस्तक असल्याचे अनेकजण सांगतील. मलाही ते तसेच वाटते, पण ते आत्ता देऊ नये. त्रिनिदादचे राजकारण, वसाहतवाद आणि इंग्रजी साहित्य यांची थोडी ओळख झाल्यावर, म्हणजे चार-पाच वर्षांनी, त्याची खरी गोडी लागते. मी ते अकरावीत असताना वाचायला घेतले आणि चाळीस पानांवर सोडले होते.

मुलाला क्रिकेटपलीकडची रुची असेल, तर ‘गिनेस बुक’ देण्याचा मोह होईल. चित्रांनी भरलेले अलीकडचे अंक मला फारसे आवडत नाहीत, मात्र त्या ग्रंथाच्या जन्माची गोष्ट त्याला जरूर सांगा. १९५१ मध्ये आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात शिकारीच्या वेळी, ज्यांची शिकार केली जाते अशा पक्ष्यांपैकी युरोपातला सर्वांत वेगवान कोणता यावर वाद झाला आणि तो मिटवणारे एकही पुस्तक सापडेना, तेव्हा गिनेस मद्यनिर्मिती कंपनीचे प्रमुख ह्यू बीव्हर यांना असे पुस्तक काढण्याची कल्पना सुचली. ते काम नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांकडे गेले. त्यांचे नाव सुचवणारे ख्रिस चॅटवे हे ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याचा विक्रम केला, त्या शर्यतीत त्यांना वेग धरून देणाऱ्यांपैकी एक होते. आणि ध्वनिक्षेपकावरून तो निकाल जाहीर करणारे निवेदक होते हेच नॉरिस मॅकव्हर्टर. त्यांनी ‘तीन मिनिटे’ एवढे उच्चारले आणि पुढचे ५९.४ सेकंद प्रेक्षकांच्या गजरात बुडून गेले.

दुकानात गेल्यावर एक छोटीशी परीक्षा घ्या. पुस्तकात भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव शोधा. नुसते ‘नाबाद ४४३’ लिहिलेले असेल तर पुस्तक खाली ठेवा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या, कमल भांडारकरांनी २०५ करून दुसऱ्या गड्यासाठी निंबाळकरांबरोबर ४५५ धावा जोडल्या होत्या, ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी होत्या, आणि विश्रांतीनंतर राजकोटच्या ठाकूरसाहेबांच्या नेतृत्वाखालील काठेवाडचा संघ सामना सोडून निघून गेला. एवढे सांगून, निंबाळकरांना पुढेही कधी कसोटी सामना खेळायला मिळाला नाही, हेही ते सांगत असेल, तर पैसे द्यायला हरकत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे थोडा वेळ काढलात, तर वर सांगितलेल्यांपैकी एखादे तरी निम्म्या किमतीत हाती लागेल.

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर गुहांचे घ्या. पण ते देण्याआधी आठ दिवस पुतण्याला तो ३०० मधल्या २१ चा प्रश्न घाला, आणि हजारे कोणत्या संघाकडून खेळत होते आणि का, हे त्याने स्वतः शोधून काढेपर्यंत पुस्तक कपाटातच राहू द्या.