‘ताकिवाताङा’ म्हणजे स्वमग्नता?

ऑकलंडच्या बालवाडीत शिकवणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न आहे : माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजाच्या, मुलांच्या कागदपत्रांत ऑटिझमसाठी ‘ताकिवाताङा’ असा शब्द येतो, मराठीत सांगताना ‘स्वमग्नता’ चालेल का?

नाही चालणार. आणि आधी ते ‘टाकीवाटंगा’ म्हणणं बंद करा! तो आपल्या ‘वाङ्मया’तला ङ आहे, त्याला ‘ग’ चिकटवू नका. ‘माओरींचा प्राचीन शब्द’ हेही सारखं कानावर येतं, तेही चूक. माओरी भाषेचे जाणकार केरी ओपाई यांनी तो घडवला, मानसिक आरोग्य नि अपंगत्व या क्षेत्रांसाठीच्या २०१७च्या ‘ते रेओ हापाई’ या माओरी शब्दसंग्रहातून तो पसरला. मूळ शब्द ‘तोना आनो ताकिवा’ : त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या वेळेत नि जागेत.

‘स्वमग्न’ हे ग्रीक ‘ऑटोस’चं, म्हणजे ‘स्वतः’चं, ओझं वाहतं. मग्न म्हणजे बुडालेला, धातू मज्ज्. मूल बुडालंय हे काठावरच्याने ठरवलेलं. शिवाय पुढाऱ्याला शिवी द्यायलाही हाच शब्द!

खरी गंमत ‘ताकिवा’तल्या ‘वा’मध्ये आहे. माओरीत ‘वा’ म्हणजे काळही आणि जागाही. मराठीत असा शब्द नाही म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी ‘अवकाश’ अंतराळयानात बसवून पाठवून दिला. ‘गाडी यायला अवकाश आहे’ हे त्यांनी कधी ऐकलंच नाही का? याच अवकाशाला ‘स’ लागला की ‘सावकाश’. पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो तेव्हा आपण जेवणाऱ्याला वेळ देतो आणि ऐसपैस जागाही.

न्यूझीलंडच्या बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचं नाव ‘ते फारिकी’, म्हणजे विणलेली चटई. १९९६चा, २०१७ साली सुधारलेला. सगळ्यांना उभं राहता येईल अशी चटई, ही त्यामागची कल्पना. पण ‘मॅट टाइम’ला, म्हणजे सगळ्यांनी चटईवर एकत्र बसायच्या वेळेला, मूल चटईवर बसलं नाही की लगेच हाताला धरून बसवतात. दाराशी उभं राहून ते गाणं ऐकत असेल तर ते सामीलच आहे. प्रश्न विचारलात की थांबा, लगेच दुसऱ्या शब्दांत तोच विचारू नका. मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खाण्याआधीची कराकिया, म्हणजे प्रार्थना, रोज त्याच चालीत होऊ द्या. आता काय येणार हे मुलाला तिच्यावरून कळतं. बाकी काय जमतं, काय नाही, ते घरच्यांना विचारा, आजीआजोबांनाही.

एका कोशकार मित्रांचा आक्षेप असा की अशा मुलाबद्दल ‘सावकाश’ म्हटलं तर ते मंद वाटेल. साफ अमान्य. ‘मंद’मध्ये मुलाची गती मोजली जाते, ‘सावकाश’मध्ये त्याला दिलेली सवड. ऑटिझमसाठी मी ‘स्वावकाश’ सुचवतो : स्व अधिक अवकाश. तोवर माओरी शब्दच ठेवा, ङसकट.