सांधा तापतो, मग केबल का नाही?

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. बोअरमध्ये साडेसात एचपीची पाण्यातली मोटार, स्टार्टरपासून 4 चौरस मिमीची 100 मीटर तांब्याची केबल. टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) 12 अँपिअर दिसतात. स्टार्टरच्या पेटीतला एक सांधा सारखा जळतो. वायरमन म्हणतो, सांधा सैल आहे, तिथं रोध वाढला म्हणून तापतो. बारावीतली माझी मुलगी म्हणते, रोध वाढला तर करंट कमी होतो, मग उष्णताही कमीच व्हायला हवी. कोणाचं खरं?
— एक केळी उत्पादक

उत्तर : भाऊ, वायरमनचं खरं. मुलीचं सूत्रही बरोबर आहे, फक्त ते या जागी लागत नाही. पाणी तापवायचा रॉड घ्या. त्याच्या दोन टोकांना थेट 230 व्होल्ट मिळतात. 1000 वॉटच्या रॉडचा रोध साधारण 53 ओहम, 2000 वॉटच्याचा त्याच्या निम्मा. तिथं रोध कमी तितकी उष्णता जास्त. सांध्याला मात्र 230 व्होल्ट मिळत नाहीत. तो मोटारीच्या वाटेत बसलाय आणि त्याच्यातून किती करंट जायचा ते मोटार ठरवते.

आकडेच मांडू. फेजचे 240 व्होल्ट धरले तर 12 अँपिअर ओढणाऱ्या मोटारीचा एका फेजचा अडसर 20 ओहम. सैल सांध्याचा 0.2 ओहम धरा. विसापुढे 0.2 म्हणजे शंभरावा हिस्सा, त्यानं करंट नावापुरताच घटतो. पण उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध : 12 गुणिले 12 गुणिले 0.2, जवळजवळ 29 वॉट. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग इस्त्री 25 वॉटची असते आणि तिच्या टोकावर सोल्डर वितळतं. मोटार चालू असेपर्यंत तुमच्या पेटीत, नखाएवढ्या जागेत, तसली इस्त्री तापलेली असते.

आता केबल बघा. तिच्या एका तारेचा रोध 0.43 ओहम, म्हणजे सांध्याच्या दुप्पट. उष्णताही दुप्पट, 62 वॉट. तरी ती हाताला गरम लागत नाही, कारण हे 62 वॉट 100 मीटरभर पसरलेत. मीटरमागे अर्ध्या वॉटहून थोडं जास्त, तेवढं सहज निघून जातं. सांध्याला तशी पसरायला जागाच नाही.

रात्रीच्या लायटीत व्होल्टेज पडतं तेव्हा हे आणखी वाढतं. पाणी तेवढंच उचलायचं, म्हणून मोटार करंट जास्त ओढते. 12 चे 15 झाले तर वाढ पावपट, पण सांध्यातली उष्णता दीडपटीहून जास्त. तापला की तांबं काळं पडतं, काळं पडलं की रोध वाढतो, मग आणखी तापतो.

चोपड्याकडे माझ्या काकांच्या मळ्यात मी विशीत असताना ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्यावर नुसती पिळून जोडली होती. ऐन वैशाखात पेटी जळाली, चार दिवस केळीला पाणी नव्हतं, आणि करपलेली पानं मला अजून दिसतात. ॲल्युमिनियमवर हवेत पटकन जो थर बसतो त्यातून वीज जात नाही. शिवाय ते मऊ, स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि सांधा आपोआप सैल होतो. म्हणून तांबं-ॲल्युमिनियम जोडायचं तर दोन्ही धातूंचा लग (वायरच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण) घ्या, पिळू नका.

मेन बंद करून वायर चकचकीत लागेपर्यंत मागे कापा, लग हत्यारानं दाबून बसवा, स्क्रू आवळा. आठ दिवसांनी मेन बंद करून परत आवळा. हे सगळं करण्याआधी वायरमनला चालू मोटारीत सांध्याच्या दोन्ही बाजूंमधले व्होल्ट मोजायला सांगा; मुलीला पेटीत हात घालू देऊ नका. येतील त्या व्होल्टना 12 नं भागलं की तुमच्या सांध्याचा खरा रोध मिळेल. तो भागाकार तिला करू द्या, आणि नवा लग बसल्यावर परत एकदा.