तो मुलावर गुरगुरला, आता त्याला परत पाठवू का?

प्रिय ताई,

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही शर्यतीतून निवृत्त झालेला चार वर्षांचा ग्रेहाउंड दत्तक घेतला. हट्ट माझा होता, नवरा केवळ माझ्यासाठी तयार झाला. कुत्रा स्वभावाने शांत आहे आणि दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असतो. गेल्या रविवारी आमचा सात वर्षांचा मुलगा त्याच्या अंथरुणात शिरून त्याला बिलगला, तेव्हा तो दचकून उठला, जोरात गुरगुरला आणि मुलाच्या तोंडाजवळ त्याने हवेत दात आपटले. चावला नाही. परंतु तेव्हापासून नवरा म्हणतो की याला परत पाठव, आणि सासूबाई म्हणतात की नातवापेक्षा कुत्रा मोठा नाही. दत्तक देणाऱ्या संस्थेला मी काहीच कळवलेले नाही, कारण ते त्याला घेऊन जातील अशी भीती वाटते. शिवाय घरात एकटा राहिला की तो रडतो आणि जिन्याची पायरी चढत नाही. माझा हट्टच चुकला का?

— द्विधा मनाची आई

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती गुरगुरण्याची नव्हे, तर तुम्ही ते संस्थेपासून लपवून ठेवल्याची. हट्टाचे म्हणाल तर त्यात मला चूक दिसत नाही. हे लपवणे मात्र चूक आहे आणि ती आज दुरुस्त होण्यासारखी आहे. ज्या संस्था निवृत्त ग्रेहाउंडना घरे मिळवून देतात, त्यांना अशा घटना नवीन नसतात. तिसऱ्या आठवड्यात फोन आला तर त्यांना मार्ग सुचवता येतो. तिसऱ्या महिन्यात, मुलाच्या गालावर टाके पडल्यानंतर फोन आला तर त्यांच्याही हाती फारसे काही उरत नाही.

रविवारी नेमके काय घडले ते समजून घ्यायचे तर या कुत्र्याचे आजवरचे आयुष्य डोळ्यांसमोर आणावे लागेल. यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याचा खेळ ब्रिटनमध्ये 1926 साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाला, आणि ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलिया यांपैकी कोठेही पाहिले तरी शर्यतीच्या कुत्र्याची दिनचर्या तेव्हापासून साधारण एकाच वळणाची राहिली आहे. पिल्लू भावंडांत वाढते, सव्वा-दीड वर्षाचे झाले की धावायला लागते, आणि धावणे नसेल तेव्हा केनलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठडीवजा खोलीत, राहते. तेथे त्याला माणसांचा हात लागतो, कारण त्याला चोळतात, तपासतात, वजन करतात, गाडीत चढवतात. म्हणूनच हे कुत्रे अनोळखी माणसांशीही मवाळपणे वागतात. मात्र ते गाढ झोपलेले असताना त्यांच्या अंगावर कोणी येऊन पडत नाही. चार वर्षे ज्याची झोप कोणी मोडली नाही, त्याच्या मानेभोवती अचानक दोन हात पडले, आणि आपण कोठे आहोत हे कळण्याआधीच त्याचे शरीर उत्तर देऊन गेले. ग्रेहाउंड पाळणाऱ्यांमध्ये हे झोपेतले दचकणे चांगले परिचयाचे आहे. त्यात भर म्हणजे यांतले काही कुत्रे अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात, त्यामुळे तो जागा आहे असा तुमच्या मुलाचा समज झाला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

गुरगुरल्याबद्दल त्याला कोणी रागावले असेल तर ते यापुढे टाळा. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली आगाऊ सूचना असते, आणि त्या सूचनेबद्दल ज्याला वारंवार शिक्षा होते तो सूचना द्यायचे सोडून देतो. दात मात्र त्याच्याजवळ राहतातच. त्याने हवेत दात आपटले, मुलाला लावले नाहीत, यातून त्याने स्वतःला आवरले असे दिसते. तथापि पुढच्या वेळी तो असाच आवरेल, अशी हमी मी देणार नाही आणि तुम्हीही नवऱ्याला देऊ नका. पुढची वेळ येणारच नाही अशी घराची मांडणी करणे, हे मात्र तुमच्या हातात आहे.

त्याचे अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवरून उचलून एका कोपऱ्यात न्या आणि त्याला लहान मुलांसाठी लावतात तसले फाटक बसवा, म्हणजे मुलगा नकळतही तेथे पोहोचणार नाही. त्या अंथरुणावर कुत्र्याखेरीज कोणी बसायचे नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा. त्याला उठवायचे असेल तर दूर उभे राहून नावाने हाक मारायची आणि त्याने मान वर करून पाहिल्याशिवाय जवळ जायचे नाही. सोफा आणि मुलाचा पलंग सध्या कुत्र्यासाठी पूर्ण बंद ठेवा, कारण तेथेही तो झोपणार आणि तेथेही कोणीतरी त्याला टेकणार. मुलगा आणि कुत्रा एका खोलीत असताना एक मोठे माणूस लक्ष ठेवून हजर हवे. शेजारच्या खोलीतले माणूस हजर धरू नये. आणि मुलाला मिठ्या मारायच्याच असतील तर त्याला सांगा की बहुतेक कुत्र्यांना मिठी ही पकड वाटते. उभ्या असलेल्या कुत्र्याच्या छातीवरून हात फिरवला तर तो स्वतःहून त्याच्या अंगाला टेकून उभा राहील. ग्रेहाउंडची प्रेम दाखवण्याची ती खास रीत आहे. सात वर्षांचे मूल हे सारे चार दिवसांत शिकते. कुत्र्याला वेळ लागेल.

दुसरे काम पशुवैद्याचे आहे, आणि ते टाळण्यासारखे नाही, कारण दुखणाऱ्या अंगाला हात लागला की शांत कुत्राही गुरगुरतो. शर्यतीचे मैदान लंबगोल असते आणि कुत्रे त्यावर डावीकडे वळत धावतात. त्यामुळे वळणावरचा ताण मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो आणि तेथील हाडे मोडण्याची दुखापत या कुत्र्यांत नेहमी आढळते. जुन्या दुखापती, पंजाच्या गादीतली कुरुपे आणि किडलेले दात या तीन गोष्टी मुद्दाम तपासायला सांगा. पशुवैद्याला या जातीचा अनुभव आहे का, हेही विचारा. निरोगी ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, तर बिंबाणू आणि थायरॉइडचे संप्रेरक कमी असते. हे ठाऊक नसलेला डॉक्टर नसलेल्या आजारावर औषध सुरू करण्याची शक्यता असते. भुलीच्या काही औषधांमधून हे कुत्रे फार सावकाश शुद्धीवर येतात, तेव्हा दात काढायची वेळ आली तर हा विषय आधीच बोलून घ्यावा.

रडण्याची आणि जिन्याची तक्रार मी एकत्रच घेते, कारण दोहोंचे मूळ एक आहे. केनलमध्ये आजूबाजूला सतत इतर कुत्रे असतात, त्यामुळे एकटे राहणे म्हणजे काय हे तो आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत आहे. एक मिनिट बाहेर जाऊन परत या, मग दोन, मग पाच. तो अस्वस्थ होण्याआधी परत येणे महत्त्वाचे. जिना त्याने बहुधा पाहिलेलाच नाही, आणि काचेचे दार व आरसाही त्याच्यासाठी नवे असणार. जिन्याची घाई तर मुळीच नको. तो खाली झोपतो आणि मुलगा वर, ही सध्या सोयीचीच गोष्ट आहे.

आता घरातल्या माणसांविषयी. सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे असे त्यांना तोंडाने सांगा. नातू मोठा आहेच. त्याच्यासाठीच तर फाटक बसवायचे आहे. नवऱ्याचे प्रकरण जरा नाजूक आहे. ते तुमच्याखातर तयार झाले आणि तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या तोंडाशी दात आलेले त्यांना पाहावे लागले. त्यांच्या रागाखाली भीती आहे, आणि त्या भीतीपुढे तुम्ही ‘चावला तर नाही ना’ असे म्हणत राहिलात तर कुत्र्याचा प्रश्न बाजूला राहून तुमच्या दोघांत भांडण उभे राहील. त्याऐवजी त्यांना निर्णयात बरोबरीचा वाटा द्या. संस्थेचा माणूस घरी येऊन पाहून जाईपर्यंत थांबायचे, आणि कोणत्या गोष्टी घडल्या तर परत पाठवायचे हे दोघांनी आजच ठरवायचे. माझ्या मते पूर्ण जागा असताना मुलगा नुसता जवळून गेला तरी तो ताठरला, गुरगुरला, किंवा मुलाकडे टक लावून त्याच्यामागे फिरू लागला, तर पुढे वाट पाहू नये. फाटक आणि देखरेख सांभाळणे तुमच्या घराला झेपत नाही असे प्रामाणिकपणे दिसून आले, तरीही नाही.

त्याला परत पाठवणे म्हणजे टाकून देणे, असे तुम्ही मनात धरले आहे, असे पत्राच्या सुरावरून वाटते. रस्त्यावर सोडणे निराळे आणि ज्या संस्थेने त्याची जबाबदारी घेतली आहे तिच्याकडे सुपूर्द करणे निराळे. लहान मूल नसलेल्या एखाद्या घरात तो दिवसभर निवांत झोपून सुखात राहू शकेल. मात्र परस्पर ओळखीच्या कोणाला देऊन टाकू नका. बहुतेक संस्थांच्या करारात त्यांच्याकडेच परत देण्याची अट असते आणि ती कुत्र्याच्या हिताची आहे.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगते. मोकळ्या मैदानात त्याला सोडून पाहण्याचा मोह आवरा. हा कुत्रा ताशी साठ किलोमीटरच्या पुढे पळतो, आणि एखादे मांजर दिसले की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1 जानेवारी 2019 पासून पाळीव ग्रेहाउंडना मुसके बांधण्याची सक्ती उठवली, परंतु सार्वजनिक जागी दोरीने धरून नेण्याची सक्ती तशीच ठेवली. त्याची मान डोक्यापेक्षा रुंद असते, त्यामुळे साधा गळपट्टा मागे सरकला की निघून येतो. ओढल्यावर बेताने आवळणारा रुंद पट्टाच वापरा.

आज संध्याकाळी फोन कराल तेव्हा रविवारी किती वाजले होते, तो कोठे व कसा झोपला होता, मुलगा कोणत्या बाजूने आला, कुत्रा नंतर किती वेळाने शांत झाला आणि त्याआधी कधी असे झाले होते का, एवढे कागदावर लिहून समोर ठेवा. नवऱ्याला शेजारी बसवा, फोनचा स्पीकर चालू ठेवा, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.

— तुमची ताई