सारखी अनाथ मुलींचीच पुस्तकं वाचते, काही प्रॉब्लेम आहे का?

"मॅडम, आम्ही दोघं आहोत, आजी आहे, कशाची कमी नाही, तरी ही दहा वर्षांची पोर सारखी आईबाप नसलेल्या मुलींच्याच गोष्टी घेऊन बसते, आमचं काही चुकतंय का?"

हा प्रश्न मला बरेचदा येतो आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही हो, वाचू द्या' एवढंच असतं. आईबाप असले की गोष्ट पुढे सरकतच नाही, स्वेटर घाल, उन्हात जाऊ नको, संपलं! आणि पांघरुणात बसून, आत कुकरच्या शिट्ट्या होत असताना, 'आपलं कुणीच नसतं तर' हे मनातल्या मनात करून बघायला मुलांना भारी मजा येते. आपले खरे आईबाप वेगळेच आहेत असं मुलं मनाशी रचतात, हे मनोविश्लेषक फ्रॉइडने 1909 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे तर ते काम घरचेच करतात, तुला जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून घेतलंय म्हणून.

पण ही केस (तपशील बदललेत) जरा वेगळी निघाली. आईने पुस्तकच पर्समधून काढून दाखवलं, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. पहिली चाळीसेक पानं मऊ पडलेली, एक तर सुटून आलेलं, आणि पुढचं सगळं कोरं करकरीत.

1908 ची कॅनडातली कादंबरी आहे ही. मॅथ्यू आणि मरिला हे उतारवयाकडे झुकलेले बहीणभाऊ शेतीत हाताशी म्हणून अनाथाश्रमातून मुलगा मागवतात, निरोपात घोळ होतो आणि येते अकरा वर्षांची लाल केसांची ॲन. स्टेशनवर फळ्यांच्या ढिगावर बसून वाट बघते, कुणी आलंच नाही तर चेरीच्या झाडावर चढून रात्र काढायची हेही तिने ठरवून ठेवलेलं, आणि मॅथ्यूला खरं सांगायचा धीर होत नाही म्हणून तो तिला तशीच घरी घेऊन येतो. (लेखिका मॉन्टगोमेरीची आई ती दोन वर्षांची व्हायच्या आतच गेली, आजीआजोबांकडे वाढली ती. ते वाट बघणं तिला आतून ठाऊक असणार असं मला आपलं वाटतं.)

मुलीला विचारलं, पुढचं आवडत नाही का गं? सुटलेलं पान परत आत सारत म्हणाली, "आवडेल की. पण मला इथलंच बघायचं असतं. त्यांना मुलगा हवा होता ना? मग पण ठेवतात."

आईचा चेहरा उतरला. दोन महिन्यांपूर्वी काकूला मुलगा झाला, बारशाच्या गडबडीत आजी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "चला, एक तरी वंशाला आला." आजी वाईट नाही हो, नातीवर जीव टाकते, बोलायची सवय.

'आमचं तुझ्यावर किती प्रेम आहे' हे सांगत बसू नका म्हटलं, ती ते विचारतच नाहीये. या पुस्तकांत पोरीला नुसती दया म्हणून कुणी ठेवून घेत नाही, ती आल्यावर घर बदलतं. कडक मरिला हसायला लागते, तिकडे 'हायडी' कादंबरीतल्या अनाथ हायडीचा डोंगरावर तुटून राहिलेला आजोबा गावात उतरतो. मग विचार करा, ही आल्यावर तुमच्या घरात काय बदललं?

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "सासूबाई आधी बँकेत अंगठा लावायच्या. ही बालवाडीत गेली तेव्हा हिच्या पाटीवर सही शिकल्या."

मग हे त्यांनाच सांगू दे तिला, म्हटलं.

महिन्याभराने मुलगी आली तर आधी तक्रारच, आजीच्या सहीत अजून एक वेलांटी चुकते म्हणून. पुस्तक कुठवर आलं विचारलं तर म्हणे ॲनने वर्गातल्या मुलाच्या डोक्यात पाटी फोडली तिथपर्यंत, आणि ते आजीलाही वाचून दाखवलं.

"मग, आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं केलं."