वकीलताईंना विचारा : मुलाचे पन्नास डॉलर आणि रशियाचे दोनशे

प्रश्न : ताई, माझा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे, एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या गावातले एक गुजराती गृहस्थ तिथल्या नगर परिषदेला उभे आहेत. आपल्या लोकांकडून पन्नास-पन्नास डॉलर गोळा करतात. मुलगा द्यायचं म्हणतो. आमचे हे म्हणतात, त्याला कशाला झळ, आपण अमळनेरहून पाठवू. चालेल का?
— एक आई, अमळनेर

उत्तर : नाही चालणार. मुलानं द्यायचे नाहीत आणि तुमच्या ह्यांनी तर मुळीच पाठवायचे नाहीत.

जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि ज्याच्याकडे ग्रीन कार्डही (तिथं कायम राहण्याचा परवाना) नाही, त्याला तिथल्या कुठल्याच निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असो की गल्लीतल्या नगर परिषदेची, कायदा तोच. रक्कम लहान म्हणून सूट नाही. ग्रीन कार्ड असतं तर वर्गणी देता आली असती, मत मात्र तरीही नाही. (पैसा चालतो, मत चालत नाही. असो, कायदा त्यांचा आहे.)

आपले पैसे दुसऱ्याच्या नावानं देणं हा तर वेगळाच गुन्हा. सूनबाई तिकडच्या नागरिक असतील तर त्यांनी स्वतःच्या पगारातून खुशाल द्यावेत, पण सासऱ्यांनी पाठवलेल्या पैशांतून नाही. मुलाला मदत करायचीच असेल तर रविवारी फुकट पत्रकं वाटू दे, फोन करू दे, ते चालतं. प्रचाराचा पैसा कुठं खर्चायचा, या ठरवाठरवीत मात्र बसू नये. आणि त्या गृहस्थांना हे सगळं आधीच ठाऊक असायला हवं होतं, हेही मुलानं त्यांना सांगावं.

प्रश्न : २०१६ साली रशियानं अमेरिकेची निवडणूक फिरवली असं वर्षानुवर्षं ऐकतोय. मतं बदलली होती का? आणि ज्यांनी जगभर नाक खुपसलं, त्यांना एकदा मिरची झोंबली तर आपले काय करनं शे?
— निवृत्त ग्रामसेवक, चोपडा

उत्तर : भाऊ, नाक खुपसल्याचं म्हणता ते खरं आहे. १९४८ मध्ये इटलीच्या निवडणुकीत सीआयएनं गुपचूप पैसा ओतला होता, आणि ती काही शेवटची वेळ नव्हती.

आता मतांचं. टाकलेलं मत बदललं, मोजणीत आकडे फिरवले, असा पुरावा मिळालेला नाही. घडलं ते दोन ठिकाणी. रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यानं डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाचे ईमेल चोरले आणि ते बाहेर फोडले. त्यासाठी जुलै २०१८ मध्ये १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं गेलं. दुसरीकडे सेंट पीटर्सबर्गच्या एका कंपनीत पगारी माणसं अमेरिकन असल्याचं भासवून फेसबुकवर पानं चालवत होती.

त्यातली ह्यूस्टनची हकिगत ऐका. एक पान होतं ‘हार्ट ऑफ टेक्सास’. त्यानं आवाहन केलं : टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा, २१ मे २०१६ रोजी इस्लामिक केंद्रासमोर जमा. दुसरं पान ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’. त्यानं त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी इस्लामी ज्ञान वाचवायला लोकांना बोलावलं. दोन्हीकडची माणसं आली, मधे पोलीस उभे राहिले, घोषणा झाल्या. आवाहन करणारा मात्र कुणाला दिसला नाही, कारण दोन्ही पानं एकाच रशियन कंपनीची होती. सिनेटच्या सुनावणीत याचा खर्च सांगितला गेला : सुमारे दोनशे डॉलर. आपल्याकडे लग्नातल्या बँडलाही तेवढे पुरत नाहीत.

म्हणून सगळं काम स्वस्तात झालं असं समजू नका. फेसबुकवरच्या जाहिरातींचा खर्च लाखभर डॉलर होता, पण या कंपनीवरच्या वेगळ्या आरोपपत्रानुसार त्या उद्योगाचं एकूण बजेट सप्टेंबर २०१६ पर्यंत महिन्याला साडेबारा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. पानांवरचा मजकूर १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचला असेल, असा अंदाज खुद्द फेसबुकनं दिला.

निकाल त्यामुळे फिरला का? पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून फरक सुमारे ७८ हजार मतांचा. त्यामुळे दोन्ही बाजूंना हवं ते म्हणायची सोय आहे. मी धुळ्याच्या कोर्टात ग्रामपंचायतीच्या निवडणूक याचिका चालवल्या. मतपत्रिका पुन्हा मोजून मिळते, बाद मताची छाननी होते. पण पारावर बसलेल्या माणसानं आदल्या रात्री मन कशामुळे बदललं, याचा पुरावा मी कधी कोर्टात ठेवू शकले नाही. या प्रकरणाच्या चौकशीसाठी अमेरिकेनं नेमलेले विशेष वकील म्यूलर, त्यांच्याकडे मोठा फौजफाटा होता. त्यांचा २०१९ चा अहवाल म्हणतो, हस्तक्षेप व्यापक आणि पद्धतशीर होता. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेनं रशियाशी कट केल्याचं मात्र सिद्ध झालं नाही. मतदारांवर परिणाम किती झाला, हे मोजायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. शहाणा वकील.

‘आपले काय करनं शे’ म्हणता, तर आपलंही ऐका. परदेशी पैसा घ्यायला आपल्या पक्षांना १९७६ पासून बंदी आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की काँग्रेस आणि भाजप, दोघांनीही ती मोडली. मग काय झालं? २०१६ मध्ये वित्त विधेयकातून ‘विदेशी स्रोत’ची व्याख्याच सैल केली. जुन्या देणग्यांना ती पुरली नाही म्हणून २०१८ मध्ये ती सूट थेट १९७६ पर्यंत मागे नेली. ते वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष इथं गप्प बसले. यासाठी कुणाला सेंट पीटर्सबर्गहून फेसबुक चालवावं लागलं नाही.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, पुढे सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीत आमचा भाव पडला. अमेरिकावाले दिल्लीत वजन टाकतात, तसं आपण वॉशिंग्टनमध्ये टाकलं तर तो गुन्हा आहे का?
— कापूस उत्पादक, पारोळा

उत्तर : गुन्हा नाही, फक्त नोंद करावी लागते. नाझी प्रचाराच्या धास्तीनं अमेरिकेनं १९३८ मध्ये कायदा केला : परक्या सरकारसाठी कुणी राजकीय काम करत असेल तर न्याय खात्याकडे नाव नोंदवायचं, करार आणि मिळालेली फी उघड करायची. भारताचा दूतावासही अशा लॉबिंग कंपन्या, म्हणजे फी घेऊन सरकारदरबारी वजन टाकणाऱ्या कंपन्या, नेमतो. ते कागद न्याय खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. पारोळ्यात बसून तुम्हालाही.

शुल्क काढावं ही आपल्याच सूतगिरण्यांची आणि कापड उद्योगाची मागणी होती, हेही ध्यानात घ्या. दिल्लीत त्यासाठी कोण कुणाला भेटलं, किती खर्च झाला, याची तशी वही आपल्याकडे ठेवली जात नाही, कारण लॉबिंगच्या नोंदणीचा कायदाच नाही. जळगावच्या खासदारांकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा भावाच्या मागणीखाली ही दुसरी मागणी लिहा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.