मांस सोडलं, मग थकवा का आला?

"मॅडम, तुम्हीच सांगा यांना. चौदा महिने झाले मांस सोडून, आणि आता दोन जिने चढले तरी धाप लागते. मी तेव्हाच म्हटलं होतं, ताकद जाईल म्हणून." बाई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागल्या होत्या. यजमान, वय 52, रिपोर्टांची फाईल मांडीवर धरून गप्प बसलेले.

मी आहारतज्ज्ञ. मांस सोडलं की ताकद जाते का, हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडून येतो. मुलीने मांस सोडलं म्हणून घाबरलेली आई विचारते, व्यायाम करणारा मुलगा विचारतो. गृहस्थांचा प्रश्न मात्र थोडा वेगळा होता. "एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, 164 होतं म्हणून मी हे केलं. आता 151 आहे, आणि ट्रायग्लिसराइड, रक्तातली ती दुसरी चरबी, 168 ची 231 झाली. मग मिळवलं काय?"

मी त्यांना तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. अगदी चहासोबतच्या बिस्किटांसकट. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, याचं मला कौतुक वाटलं. सकाळी गोड चहा, चार बिस्किटं. मग लोणी-जाम लावलेला ब्रेड. दुपारी पांढरा भात, बटाट्याची भाजी, पाण्यासारखी डाळ. संध्याकाळी पुन्हा चहा आणि काहीतरी तळलेलं. रात्री नूडल्स किंवा चीज घातलेलं सँडविच. फळ तीन दिवसांत एकदा, तेही अर्धं.

"सगळं शाकाहारीच आहे ना?" त्यांनी विचारलं.

शाकाहारी होतंच. मांस गेल्यावर ताटात जी जागा रिकामी झाली, ती मैद्याने, बटाट्याने आणि साखरेने भरली होती, इतकंच. ट्रायग्लिसराइड वाढायला आणखी काय लागतं? 2017 साली अमेरिकेतल्या सुमारे दोन लाख आरोग्य-कर्मचाऱ्यांची दोन दशकांहून अधिक काळाची माहिती प्रसिद्ध झाली. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा यांवर भर देणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी दिसला. गोड पेयं, मैदा, बटाटा, मिठाई यांवर भर देणाऱ्यांत तो जवळपास एक तृतीयांशाने जास्त होता. दोन्ही ताटं वनस्पतींचीच.

शाकाहाराचा फायदा खोटा आहे, असं मी त्यांना म्हटलं नाही. ओट्स, राजमा, सफरचंद यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना (यकृताच्या पित्तातली, चरबी पचवायला लागणारी आम्लं) धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. नवं पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं, म्हणून एलडीएल उतरतं. मांसाबरोबर येणारी संपृक्त चरबी कमी होते, हा वेगळा फायदा. पण यांनी मांस टाकलं आणि लोणी-चीज वाढवलं, त्यामुळे तो अर्धा तिथेच संपला. ब्रिटनमध्ये सुमारे 48,000 लोकांवर 18 वर्षं चाललेल्या अभ्यासात, 2019 साली, मांसाहाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत रक्तपुरवठा कमी पडून होणारा हृदयविकार 22 टक्क्यांनी कमी आढळला. त्याच अभ्यासात पक्षाघात मात्र 20 टक्क्यांनी जास्त होता. पहिला आकडा सांगून दुसरा गिळणारे भाषणबाज मला आवडत नाहीत, म्हणून मी दोन्ही सांगते.

प्रथिनांचा हिशेब सोपा निघाला. प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम. यांचं वजन 70 किलो, म्हणजे 56 ग्रॅम हवीत. डायरीत 40 सुद्धा भरत नव्हती. "थकव्याचं कारण सापडलं," मी मनात म्हटलं, आणि इथेच चुकले.

दुसऱ्या भेटीत निघताना, बूट घालता घालता ते सहज म्हणाले, "पायांना रात्री मुंग्या येतात, तेही यामुळेच का?" मी त्यांना पुन्हा बसवलं. औषधं कोणती घेता, हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. ॲसिडिटीची, जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी, रोज, चार वर्षं.

बी-12 हे जीवनसत्त्व कमी पडलं की थकवा येतो, नसा दुखावतात, मुंग्या येतात. आणि ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते जिवाणू तयार करतात, आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून पोहोचतं. यकृतातला साठा सहसा काही वर्षं पुरतो, त्यामुळे नुसत्या चौदा महिन्यांच्या शाकाहाराने मुंग्या येण्याचा संभव कमी. पण अन्नातलं बी-12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. गोळीने ते चार वर्षं दाबलेलं. गंगाजळी आधीच आटत आली होती, मांस सोडल्यावर आवकही घटली. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधानेही बी-12 घटू शकतं, म्हणून ते घेणाऱ्यांनाही मी मुंग्यांचं मुद्दाम विचारते.

तपासणीत बी-12 आलं 142. 200 च्या खाली ते कमीच धरतात. यांनी घरी स्पिरुलिनाची पावडर आणून ठेवली होती. त्यातलं बहुतेक बी-12 आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं, म्हणून ती बाजूला ठेवायला लावली. स्वतःहून फॉलिक आम्ल सुरू करू नका, हेही बजावलं. त्याने रक्ताचं चित्र सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी इंजेक्शनं दिली आणि ॲसिडिटीची गोळी खरंच लागते का, तेही पाहिलं.

ताट बदलायला मात्र वेळ लागला. मैद्याच्या जागी अख्खं धान्य, रोज दोन वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे. पहिल्या आठवड्यात पोटात इतका वायू झाला की त्यांनी फोन करून राजीनामाच दिला. मग अर्ध्या वाटीपासून सुरुवात केली, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकायचं ठरलं. जेवणावर लिंबू, आणि चहा जेवणानंतर तासाभराने, कारण वनस्पतींतलं लोह आधीच कमी शोषलं जातं आणि चहा ते आणखी अडवतो. धान्य आणि डाळ एकाच घासात हवी का, हा बाईंचा प्रश्न. नाही, दिवसभरात दोन्ही आलं की झालं.

चार महिन्यांनी दोघं आली. एलडीएल 126, ट्रायग्लिसराइड 149. जिना आता त्यांना चढवतो. डाव्या पायाच्या अंगठ्यात रात्री अजून मुंग्या येतात. नसा सावकाश सावरतात, आणि कधी पूर्ण सावरतही नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

"यांच्या उसळी आता मीच जास्त खाते," बाई म्हणाल्या. "मासे नाही सोडणार हं मी, आधीच सांगते." सोडायला कुणी सांगितलंही नव्हतं. मग त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट. एलडीएल 158.